पेटी नव्हे, पहिलं प्रकरण बंद करा

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. मी इचलकरंजीची. वय ४३, सहकारी बँकेत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकांनी स्वीकारली आहे, पण दुरुस्त्या करून हवी आहे. गोष्ट आमच्याच गावची, दादा या खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाच्या घराची. काळ १९८९ ते १९९६, प्रकरणं २२. संपादकांनी फेब्रुवारीत ११ पानांचं टिपण पाठवलं. मधली पाच-सहा प्रकरणं रेंगाळतात, दादांचं वय तिसऱ्या आणि नवव्या प्रकरणात जुळत नाही, सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावून मागांसाठी बीम भरून देणाऱ्या कारखान्यांचा संप कोणत्या महिन्यात झाला ते समजत नाही, शेवट उरकल्यासारखा वाटतो आणि मागावरचे शब्द बाहेरच्या वाचकाला कळतील का, हे त्यातले मोठे मुद्दे. बाड ऑक्टोबरअखेर द्यायचं आहे. जून आला, मी अजून पाचव्या प्रकरणात आहे. पाचव्यात अडले की पुन्हा पहिल्यापासून ऱ्हस्व-दीर्घ तपासत वाचत येते.

पहाटे साडेपाचला उठते. आमच्या वाचक गटावर रोज एका पुस्तकाविषयी छोटं टिपण टाकते, तेवढीच बोटं मोकळी होतात, मग कादंबरीला बसते. संध्याकाळी पेटी. यंदा पेटीची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा द्यायचा विचार आहे. गच्चीवर बाग आहे, तिलाही वेळ जातो. घरी छद्मीपणे ऐकवतात, "कादंबरी राहिली बाजूला, पेटी तेवढी जोरात चाललीय." मलाही अपराधी वाटतं. कादंबरी पूर्ण होईपर्यंत सगळे छंद बंद करावेत का? कादंबरीचा सारांश आणि पहिल्या प्रकरणातला एक उतारा सोबत जोडला आहे, तीन वेळा लिहिलेला. आणि एका दिवाळी अंकाने कथा मागितली आहे, ती द्यावी का?

– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. सगळे छंद बंद करू नका. तीनपैकी एकाला ऑक्टोबरपर्यंत सुट्टी द्या, आणि तो एक म्हणजे पेटी नव्हे. पेटीला आवाज आहे म्हणून ती घरच्यांच्या कानांवर येते. तुमचा वेळ खरा जातोय तो पहाटे, अगदी मुकाट्यानं, वाचक गटावरच्या टिपणात.

तुम्ही म्हणता बोटं मोकळी होतात. बोटं मोकळी होत असतील, पण डोकं रिकामं होतं त्याचं काय? बँकेत दिवसभर माणसं, मुलाची दहावी, सासूबाईंची औषधं. या सगळ्यात ज्या तासाला तुमच्यापाशी शब्द पारखण्याची ताकद शाबूत असते तो पहाटेचा. नेमक्या त्या तासाचा पहिला घास टिपण खातं. शिवाय त्याला लगेच दाद मिळते. सहा वाजेपर्यंत चार अंगठे, दोन फुलं, एक "ताई, कसं सुचतं हो तुम्हाला!" हे पदरात पडल्यावर ज्या बाडाला वर्षभर कुणी "छान" म्हणणार नाही त्याच्यासमोर बसायला मन राजी होईल कशाला? ते पाचव्या प्रकरणात अडतं आणि पहिल्याकडे पळतं. पहिलं प्रकरण तुम्हाला आवडतं ना, म्हणून.

वाचनाची आवड आणि गट दोन्ही राहू द्या. चार महिने गटावर फक्त वाचक म्हणून असा. कुणी विचारलं तर सांगा, कादंबरीचं काम चालू आहे. बघा, तुमच्या टिपणावाचून गट चालतो. पहिल्या आठवड्यात ते थोडं लागेलही मनाला.

आता पेटी आणि बाग. लिहिणाऱ्या माणसानं हाताचा, कानाचा, पायांचा एखादा छंद जरूर ठेवावा, जिथं शब्दांशी संबंध येत नाही. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत नोकरी करायचे, चित्रं काढायचे, रानोमाळ हिंडायचे आणि लिहायचेही. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी कथांच्या बरोबरीनं रंगांत रमायचे. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह १९४० च्या दशकात हार्वर्डच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात फुलपाखरांवर काम करत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पार अमेरिकेच्या पश्चिमेपर्यंत फुलपाखरांमागे जायचे. गाडी बायको चालवायची, यांना चालवता येत नसे. यातल्या कुणीही छंद आणि लेखन यांत एकाचीच निवड केली नाही. पण ही नावं मी देतेय म्हणून उद्यापासून पेटीतून कादंबरीला काय मिळालं याचा हिशेब मांडायला बसू नका. छंदानं भाडं भरलंच पाहिजे असा आग्रह धरला की तो छंद राहत नाही, दुसरी नोकरी होते. मिळालं काही तर घ्या, एवढंच.

म्हणूनच परीक्षेचा फॉर्म या सत्रात भरू नका. पेटी वाजवणं वेगळं आणि प्रवेशिका पूर्ण देणं वेगळं. परीक्षा म्हटली की अभ्यासक्रमातले राग ठरल्या बंदिशींसकट बसवायचे, ताल हातावर देऊन दाखवायचे, तोंडी प्रश्नांची तयारी करायची, आणि ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात कादंबरीच्या जोडीनं आणखी एक तारीख डोक्यावर घ्यायची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात; वर्षअखेरीची हुकली तर एप्रिल-मे आहेच. (बँकवाल्या बाईला मार्चअखेर संपल्यावर परीक्षा देणं सोयीचंही पडेल.) तोवर यमन वाजवा, भूप वाजवा, आवडेल ते वाजवा. पलट्यांचा कंटाळा आला तर भजन वाजवा. गुरुजींना मोकळेपणानं सांगा, ते समजून घेतील.

बागेबद्दल मला काळजी नाही. अंधार पडला की बाग आपोआप थांबते, गटासारखी रात्री अकराला पुन्हा हाक मारत नाही. जूनमध्ये कुंड्यांची माती बदलायची, फांद्या लावायच्या, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण काढत बसायचं हे काम दुसरं कुणी करणार नाही, आणि ते पुढेही ढकलता येत नाही. करा खुशाल.

हा झाला छंदांचा भाग. पण खरं सांगू? तिन्ही छंद आज बंद केलेत तरी तुम्ही ऑक्टोबरात पाचव्याच प्रकरणात असाल. तुम्ही पाठवलेला उतारा वाचला आणि खात्रीच पटली. इथं तो थोडक्यात देते, कारण दुसरी कादंबरी लिहिणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

पहिल्या खर्ड्यात दादांच्या घरातली आक्का सोप्यात कांड्या भरत बसलीय. आत सहा माग चालू आहेत. तुम्ही लिहिलं होतं :

"आतला एक माग थांबला. आक्कानं मान वर केली. 'आरं, कुठला थांबला? थांब, मी येतो.' हातातली कांडी तशीच धरून ती आत गेली."

दुसऱ्या खर्ड्यात "कांडी, म्हणजे आडवं सूत गुंडाळलेली लाकडी नळी" अशी भर पडली. आणि तिसरा हा :

"मागांच्या अखंड लयबद्ध कोलाहलातून एका सुराची उणीव आक्काच्या सरावलेल्या कानांना जाणवली आणि तिच्या मनात अनामिक भीतीची लहर उमटून गेली. 'अरे, कोणता माग थांबला? थांब, मी येते,' ती म्हणाली."

ताई, यात आक्का कुठं गेली? पहिल्या खर्ड्यात सहा मागांच्या खडखडाटात एक बंद पडलेला तिला ऐकू येतो, ती हातातली कांडी न ठेवता उठते, एवढ्यावरून ही बाई या घरात किती वर्षं आहे आणि घर कशावर चालतं ते कळलं होतं. तिसऱ्यात तेच तुम्ही समजावून सांगताय. "सरावलेल्या कानांना", "अनामिक भीती". कांडी तर गायबच झाली. आणि कोल्हापूर भागातली आक्का "मी येतो" म्हणते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरातही कुणी म्हणत असेल. ते पुसून तिला "मी येते" म्हणायला लावलंत. संपादकांनी हे सांगितलेलं दिसत नाही. हे तुम्ही स्वतः केलंत, एकच पान पुन्हा पुन्हा हाताळल्यामुळे. सारखं हाताळलं की कापडाचा पोत जातो तसं पानाचंही होतं.

पहिलं प्रकरण आजपासून बंद. फेब्रुवारीच्या आधीची फाइल शोधा, तो पहिला खर्डा परत जागेवर ठेवा आणि शेवटचं प्रकरण हातावेगळं होईपर्यंत पहिल्याकडे ढुंकूनही बघू नका. ते तसंही सगळ्यात शेवटी बदलावं लागतं, कारण गोष्ट कुठं जाऊन पोचणार हे पक्कं झाल्यावरच ती कुठून निघाली ते लिहिता येतं.

संपादकांच्या प्रश्नाचं काय, असं तुम्ही विचाराल. कांडी बाहेरच्या वाचकाला कळेल का? त्यांची शंका खरी आहे. नागपूरच्या किंवा पणजीच्या वाचकाला कांडी, धोटा, वहिफणी, बीम हे कळणार नाही. पण व्याख्या देऊन ते कळत नाही, आणि कादंबरीच्या शेवटी शब्दसूची जोडणं हा तर पळ काढण्याचा मार्ग आहे, माझ्या मते. काम दाखवा. आक्का आत जाते, थांबलेल्या मागाच्या धोट्यातली रिकामी कांडी काढते, हातातली भरलेली बसवते, माग पुन्हा चालू होतो. दोन ओळी. वाचकाला कांडी कळली, धोटा कळला आणि ती हातातली कांडी न ठेवता का गेली तेही कळलं. संपादक जेव्हा "इथं अडखळतो" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा जागा बरोबर दाखवतात. तिथं काय करायचं ते मात्र तुम्ही ठरवायचं. लेखक संपादकाचं ऐकतो म्हणजे हेच.

एक लक्षात घ्या, ११ पानांचं टिपण लिहिणारा संपादक मिळणं हे आज भाग्याचं आहे. संपादक श्री. पु. भागवतांनी मौज प्रकाशनात लेखकांना शेजारी बसवून ओळ न् ओळ तपासण्याची जी रीत घातली ती आता फार थोड्या ठिकाणी उरलीय. बहुतेक प्रकाशनांत बाड आलं की थेट अक्षरजुळणीला जातं. त्यामुळे टिपणावर रुसू नका, आणि त्याला शरणही जाऊ नका. पूर्ण टिपण एकदा सलग वाचा, दोन दिवस बाजूला ठेवा, मग पेन्सिल घेऊन बसा. पटलं त्यावर खूण करा. नाही पटलं त्यासमोर एका वाक्यात का ते लिहा; लिहिताना अर्धी नापसंती गळून पडते. आणि ज्यात दुखणं खरं पण औषध चुकीचं वाटतं अशा जागा वेगळ्या काढा. तुमची खरी कादंबरी त्या जागांमध्ये आहे.

आता क्रम. तुम्ही वाक्यं दुरुस्त करत पुढं चालला आहात, तिथंच घोळ आहे. मागावर वहिफणी, म्हणजे उभे धागे वह्यांतून आणि फणीतून ओवणं चुकलं, एक धागा भलत्याच वहीतून भरला गेला, तर पुढं कितीही चांगलं विणा, ती रेघ कापडभर येत राहते हे मी तुम्हाला काय सांगणार. कादंबरीतही कोण, काय, केव्हा हे आधी, आणि वाक्य शेवटी. संपादकांनी दाखवलेल्या पाच मोठ्या मुद्द्यांपैकी चार वाक्यांचे नाहीतच. रेंगाळणं, वय, संपाचा महिना, शेवट. यातलं एकही तुमच्या "लयबद्ध कोलाहला"नं सुटणार नाही. आणि रेंगाळणारी प्रकरणं निम्मी कापावी लागली, तर त्यातली घासून पुसून ठेवलेली वाक्यं कापताना जीव किती तुटेल!

एक साधी वही घ्या. संगणक नको. प्रत्येक प्रकरणाला एक पान. वर लिहा, या प्रकरणात कुणाला काय हवंय. खाली लिहा, प्रकरण संपताना काय बदललं. ज्या पानावर "काय बदललं" समोर तुम्हाला "दादांची मनःस्थिती कळते" किंवा "वातावरण उभं राहतं" असलं काही लिहावंसं वाटेल, ते प्रकरण रेंगाळतंय. मग विचारा की ते कुणात विरघळवता येईल. शक्यता अशीही आहे की दोष त्या प्रकरणाचा नसेल. वाचक नवव्या प्रकरणात कंटाळतो तेव्हा बऱ्याचदा सहाव्यात त्याची उत्सुकता संपलेली असते. थोरला मुलगा माग विकणार की नाही, हे तुम्ही सहाव्यातच फोडलं असेल तर सात-आठ-नऊमध्ये त्यानं वाचायचं कशासाठी? सहाव्यातली ती दोन वाक्यं पुढं सरकवून बघा आधी. तीन प्रकरणं वाचतील कदाचित.

मघाशी नाबोकोव्हचं नाव घेतलं. ते कादंबऱ्या छोट्या कार्डांवर लिहायचे, म्हणजे मधलं कुठलंही दृश्य आधी लिहून गठ्ठ्यात हवं तिथं सरकवता यायचं. तुम्हाला कार्डं घ्यायची तर घ्या, वहीची पानं फाडली तरी चालेल. मुद्दा एवढाच की पहिल्यापासून सुरुवात करायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही. वही झाली की हवं तर थेट बाराव्या प्रकरणाला बसा.

वेळेचं गणित मी फार मांडत नाही, कारण कागदावरची वेळापत्रकं पाणी येण्याच्या दिवशी कोलमडतात आणि इचलकरंजीत पाणी कधी येणार हे नळालाही ठाऊक नसतं. त्या दिवशी लेखन नाही असं आधीच धरून चाला, म्हणजे चिडचिड होणार नाही. उरलेल्या दिवसांत पहाटेचा तास फक्त जड कामाला द्या : कुठलं दृश्य ठेवायचं, कुठलं काढायचं, काय नव्यानं लिहायचं. फोन दुसऱ्या खोलीत. वाय-फाय बंद. चहा झाला की थेट वही. संध्याकाळी बँकेतून दमून आल्यावर दृश्य लिहायला बसू नका. त्या वेळी लिहिलेलं आपण सकाळी काढूनच टाकतो. पण दमलेल्या डोक्यानं होणारी कामंही दुरुस्तीत पुष्कळ असतात. पात्रांची जन्मसालं मांडून कुटुंबाचा तक्ता करणं. प्रत्येक वर्षी घरात किती माग होते ते लिहिणं. दारातली सायकल जाऊन लूना कधी आली, शेजारी फोन कधी लागला, थोरला एसटीडी बूथवरून फोन करतो ते साल कुठलं. दादांच्या वयाचा प्रश्न अशा एका संध्याकाळी सुटेल, त्याला प्रतिभा लागत नाही, फक्त आकडे लागतात. हे अर्धा-पाऊण तास, मग पेटी. पेटी आधी आणि तक्ता मागून असा क्रम ठेवलात तर तक्ता व्हायचा नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

शुद्धलेखनाचा एक तासही सध्या खर्च करू नका. तुमच्या पत्रात आलंय की तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासत पुढं जाता. युनिकोडमधलं बाड अनेक ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या फाँटात उतरवलं जातं आणि त्यात रफार, जोडाक्षरं अशी काही विस्कटतात की सगळं पुन्हा बघावंच लागतं. छपाईआधीची मुद्रितं तुमच्याकडे येतील तेव्हा लाल पेन काढा. तोवर नुसतं चुकलेलं राहू दे.

एक मात्र करा, सप्टेंबरात, सगळी प्रकरणं जागच्या जागी लागल्यावर. मागाचं काम येणारी चार-पाच पानं गावातल्या एखाद्या जुन्या कांडीवालीला किंवा वहिफणीवाल्या मामांना वाचून दाखवा. "कसं वाटलं" असं विचारू नका, ते भिडेपोटी छानच म्हणतील. विचारा, "यात चुकलंय काय?" मग बघा कसे सरसावून बसतात. बीम कुणी उचललं, एकट्यानं उचललं म्हणता ते जमेल का, रात्रपाळीला चहा कुठून यायचा. आणि मोठ्यानं वाचताना जिथं तुमचीच जीभ अडखळेल तिथं खूण करा, तिथलं वाक्य बदलायचं. वाक्यांची दुरुस्ती म्हणतात ती इथं सुरू होते. बदललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं करावंसं वाटायला लागलं की हात काढून घ्या, ते पान झालं.

घरच्यांचं बोलणं. तुम्ही त्याला छद्मी म्हणता, मला तसं वाटत नाही. त्यांना पेटी ऐकू येते, बागेतली माती दिसते, कादंबरी दिसत नाही. फेब्रुवारीपासून तुम्ही पहाटे दार लावून बसता आणि विचारलं की "चाललंय" म्हणता. त्यांनी काय समजायचं? वहीतलं ते २२ पानांचं काम झालं की यजमानांना दाखवा. बाड वाचायला देऊ नका, नवऱ्याला बाड वाचायला देऊन सुखी झालेली लेखिका माझ्या पाहण्यात नाही. वही दाखवा. "एवढं झालं, एवढं राहिलंय, ऑक्टोबरपर्यंत पहाटे कुणी हाक मारायची नाही आणि पाणी तुम्ही भरायचं." या शेवटच्या वाक्यावर थोडी वाटाघाट होईल, होऊ द्या. सासूबाईंना तर तुम्ही कामालाच लावा. त्या त्याच गावच्या, त्याच काळातल्या. मागाच्या घरात बोनस वाटायचा दिवस कसा असायचा, हे त्यांच्याइतकं कुठलं पुस्तक सांगेल?

अपराधीपणाबद्दल वेगळं काही लिहीत नाही. पहाटेचा तास खरोखर बाराव्या प्रकरणावर गेला, तर संध्याकाळी पेटीचा भाता हलवताना ते वाटायचं थांबेल. नाहीच थांबलं तर मला पुन्हा लिहा.

दिवाळी अंकाची कथा. मोह मला कळतो. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा दिवाळी अंकांनी वाटून घेतलाय, आणि पहिल्यांदाच कुणी आपण होऊन कथा मागितली की नाही म्हणवत नाही. पण नवी कथा जुलैअखेर द्यायची म्हणजे जुलै गेलाच. जुनी लिहिलेली, तयार असेल तर द्या. नसेल तर संपादकांना नम्रपणे कळवा की पुढच्या वर्षी नक्की. चांगले संपादक असा नकार लक्षात ठेवतात आणि पुढच्या वर्षी खरंच मागतात. आणि "मग कादंबरीतलं एखादं प्रकरणच द्या की" असं ते म्हणाले, तर मुळीच देऊ नका. छापून आलेलं प्रकरण मनात गोठतं. नंतर त्यात बदल करायला हात धजत नाही, आणि तुमची तर अजून मधली प्रकरणं हलायची आहेत.

जाता जाता, त्या संपाचा महिना. संपादकांचा हा सगळ्यात किरकोळ वाटणारा प्रश्न आहे आणि तुम्ही तो शेवटी ठेवलेला दिसतो. माझ्या मते उद्या पहाटे वही उघडाल ती इथून. सारांशावरून दिसतं की संपामुळे बीम मिळेनात, माग बंद पडले, दादांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि तिथून घर उतरणीला लागलं. मे महिन्यात संप झाला तर पोरं सुट्टीवर, लग्नसराई, माग आठ दिवस बंद राहिले तरी कुणाचं फार अडत नाही; मग उचल घेण्याची घाई वाचकाला पटत नाही. ऑगस्टात ठेवलात तर पंचगंगेला पाणी आलेलं असेल आणि तुम्हाला पुराचं एक प्रकरण वाढवावं लागेल. तोच संप दिवाळीच्या तोंडावर आला, तर? कामगारांना बोनस द्यायचाय, खर्चीवाल्याच्या हातात व्यापाऱ्याकडून येणारी मजुरीच तेवढी, आणि माग बंद म्हणजे तीही बंद. दादांना उचल घेण्यावाचून गत्यंतर नाही, आक्काला ते कळलंय पण बोलता येत नाही, आणि थोरल्याला माग विकायचा विषय काढायला याहून वाईट वेळ दुसरी नाही. मग सहा ते नऊ ही प्रकरणं आठ दिवसांत घडतात, रेंगाळायला जागाच राहत नाही. शेवटच्या दोन प्रकरणांत तुम्ही जो हिशेब घाईनं उरकलाय तो याच उचलीचा आहे, तेव्हा तिथं किती पानं लागतील तेही आत्ताच वहीत मांडून ठेवा.